झाली किती, राहिली किती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या अंकात एका ज्येष्ठ वाचकाचं पत्र होतं. आमच्या लहानपणी गोवर घरोघरी यायचा, आठ दिवस अंथरुणात काढायचे आणि उठून खेळायला पळायचं, आता साध्या गोवराचा केवढा बाऊ, असा त्याचा सूर. पत्र वाचून मी पेपर घडी करून बाजूला ठेवला. राग आला असं म्हणणार होते, पण तो राग नव्हता. चोरी पकडली गेल्यावर वाटतं तसं काहीसं होतं. कारण हेच, जवळजवळ याच शब्दांत, मी माझ्या मुलांना कित्येक वर्षं सांगत आले.

माझं वय ७१. ३५ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गांवर. लिहायला बसले की पाल्हाळ होतं हे मला ठाऊक आहे. काटछाट आपण करालच.

गोवराची माझी गोष्ट अशी असायची. मी आठ वर्षांची असताना घरात गोवर शिरला. मुलं एकामागून एक पडली. उजेड डोळ्यांना सोसेना, म्हणून मधल्या खोलीच्या खिडक्या लावून, फटींत जुन्या चादरी कोंबून आम्हाला आत ठेवलं. त्या अंधारात आम्ही एक खेळ काढला. पांघरुणाखाली चिमटा काढायचा आणि ओरडण्यावरून पाय कुणाचा ते ओळखायचं. शाळा नाही, शुद्धलेखन नाही, आणि आई दिवसातून दहा वेळा कपाळावर हात ठेवून जायची. एरवी तिला एवढी फुरसत कुठली! माझी मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची. खिडक्या उघडल्या त्या सकाळी गोष्ट संपायची. मुलं विचारायची, “मग काहीच झालं नाही?” मी म्हणायचे, “काही नाही. आम्ही तिघं उठलो आणि खेळायला गेलो.”

तिघं उठलो हे खरं आहे. पडलो होतो चौघं.

चौथी माझी चुलत बहीण, काकूंची धाकटी, दीड वर्षाची. पुरळ मावळायला लागलं तसा तिला धाप लागली. तिला आमच्यातून उचलून पलीकडच्या खोलीत नेलं. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत नसे. श्वासागणिक कण्हणं ऐकू यायचं. एका पहाटे तेही थांबलं. ती झोपली असं समजून आम्ही पाय ओळखण्याचा खेळ पुन्हा सुरू केला. गोवरामागून न्यूमोनिया होतो, गोवरात लहान मुलं दगावतात ती पुष्कळदा त्यानेच, हे मला फार पुढे कळलं. पण ती गेली हे तर त्याच दिवशी कळलं होतं. मुलांना झोपवताना सांगायच्या गोष्टीत तिला कुठे बसवायचं, म्हणून वगळली. आधी मुद्दाम, मग सवयीनं. पुढे पुढे मलाही तो गोवर तिघांचाच आठवू लागला.

माझ्या आजीच्या पिढीला असं वगळणं जमत नसे. दोन बाया पहिल्यांदा भेटल्या की एकमेकींना दोन प्रश्न विचारायच्या. झाली किती? राहिली किती? आजीचं उत्तर ठरलेलं होतं, “सात झाली, चार राहिली.” आवाजात चढउतार नाही, पाढा म्हणावा तसं. तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते, नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, आणि लहानपणी मला वाटे की म्हातारपणी सगळ्यांचंच तोंड असं होतं. गेलेल्या तिघांतलं एक देवीनं गेलं, एक डांग्या खोकल्यानं, एक घटसर्पानं. घटसर्पाबद्दल ती एवढंच म्हणायची, “गळ्यात पडदा धरला.” शब्द अगदी नेमका होता. त्या जंतूच्या विषानं घशात करडा, चिवट पडदा खरोखरच धरतो आणि मुलाचा श्वास कोंडतो. विष रक्तात उतरलं की हृदयालाही धक्का देतं. एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकातलं पहिलं नोबेल मिळालं ते घटसर्पावरच्या प्रतिविषाच्या कामासाठी. आजीचं मूल त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी गेलं. औषध जगात कुठेतरी होतं, आजीच्या दारापर्यंत ते आलं नाही.

आईच्या वेळेला यातला दुसरा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जाऊ लागला. माझ्या वेळी मला तो कुणी विचारला नाही. लेकीच्या मैत्रिणींना, असा प्रश्न कधीकाळी होता, एवढं सांगितलं तरी त्या कसंनुसं तोंड करतात. तो कुणी बंद केला नाही. विचारायची गरज उरली नाही म्हणून बंद पडला, आणि इतक्या गुपचूप की आम्हा बायकांच्याही ते ध्यानात आलं नाही.

आई टोचणीला भीत नसे. देवी टोचणारा आला की आम्ही माळ्यावर लपायचो आणि ती एकेकाला पायाला धरून खाली ओढायची. दातेरी चकतीचं हत्यार कातडीवर टेकवून तो गर्रकन फिरवायचा. जागा पिकायची, खपली धरायची आणि जन्मभराचा वण राहायचा. माझ्या हातावर असे दोन आहेत. आई ते इतर बायकांना दाखवायची, मुलीचं अक्षर दाखवावं तसं. आजी मात्र कुरकुरायची. देवी म्हणजे काय हे तिच्याइतकं घरात कुणाला ठाऊक असणार? तरीही टोचल्यावर सुजलेला हात आणि रात्रभराचा ताप तिला बघवत नसे. म्हणजे लशीची धास्ती ही आजकालच्या शिकल्या-सवरल्या आयांची फॅशन नव्हे. १७९६ साली एडवर्ड जेन्नरनं गवळणीच्या हातावरच्या फोडातली गाईची देवी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली, आणि १८०२ मध्ये लंडनमध्ये व्यंगचित्र निघालं, त्यात टोचून घेतलेल्यांच्या अंगातून गाईगुरं उगवताना दाखवली होती! १८८५ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये सक्तीच्या टोचणीविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला. या सगळ्यांना वेडे म्हणून मोकळं होता येत नाही. त्या शतकात कितीतरी वर्षं एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचत, आणि त्याबरोबर दुसरे रोगही जात.

लेकीच्या हातावर माझ्यासारखे वण नाहीत. तिचा जन्म १९८६ चा. मे १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं होतं. एकदा लहान असताना तिनं माझ्या वणावर बोट ठेवून विचारलं, “इथे तुला काय चावलं?”

आता हजेरीपटाकडे येते. माझ्याजवळ स्वतःचं असं सांगण्यासारखं तेवढंच आहे.

१९७६ साली नोकरीला लागले तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात मी गैरहजेरीचं कारण लिहीत असे. गोवर, कांजिण्या, गालगुंड, खोकला. वर्गात एका पोराला गोवर निघाला की पुढे आठ-दहा दिवस काहीच घडायचं नाही. मी नवखी, वाटायचं, टळलं. मग एकाच आठवड्यात पाच-सहा जागा रिकाम्या. त्याही त्या पोराच्या बाकाजवळच्या नव्हेत, वर्गभर विखुरलेल्या. गोवर हवेत राहतो, आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोनेक तास. आणखी दीड-दोन आठवड्यांनी दुसरी लाट यायची, आणि तिसरी सहसा नसायचीच, कारण पडायला कुणी उरलेलं नसायचं. दोन-तीन वर्षांत माझा हिशेब इतका पक्का बसला की पहिलं पोर पडलं की मी पुढच्या तारखांवर पेन्सिलीनं बारीक टिंब करून ठेवायचे. गालगुंडाचं टिंब त्याहून पुढे, अडीच आठवड्यांवर. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, “बाई, ही टिंबं कसली?” म्हटलं, “आजाराचं वेळापत्रक आहे.” त्यांनी पट मिटून परत दिला. पटावर पेन्सिल चालवायची नसते, एवढं मात्र सांगितलं.

निवृत्तीनंतर वाचताना कळलं की टिंबांचं हे काम माझ्या आधी १३० वर्षं एकानं केलं होतं, आणि कितीतरी नीट केलं होतं. पीटर पॅनम नावाचा डॅनिश डॉक्टर, वय २५. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ साली गोवर आला, ६५ वर्षांनी पहिल्यांदा. वस्ती ७,८०० च्या आसपास, त्यांतले ६,००० आजारी पडले. पॅनम गावोगाव हिंडला. कोण कुणाला कधी भेटलं, कुणाला पुरळ कधी दिसलं, याच्या तारखा त्यानं जुळवल्या आणि गाठ पडल्यापासून पुरळ उठेपर्यंत १३-१४ दिवस जातात हे काढलं. पण मी थबकले ती त्याच्या दुसऱ्या एका नोंदीपाशी. १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेलेले ९८ म्हातारे-म्हाताऱ्या त्याला भेटले. त्यांतल्या एकालाही या खेपेला गोवर झाला नाही. अख्खं घर आडवं पडलंय आणि आजी तेवढी उभी, असं चित्र मी मनाशी रंगवते. अंगाची आठवण ६५ वर्षं टिकली. माझ्या गोष्टीतली चौथी मुलगी वीस वर्षंही टिकली नव्हती.

पटातली आणखी एक गोष्ट तेव्हा मला उलगडली नव्हती. गोवर होऊन आलेल्या मुलांच्या नावापुढे पुढचे कित्येक महिने सुट्या सुट्या गैरहजऱ्या दिसायच्या. दोन दिवस ताप, तीन दिवस कान, पुन्हा खोकला. “गोवरातून उठलेलं पोर वर्षभर सावरत नाही,” असं आई म्हणायची. २०१९ साली यावरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर आजारांशी लढून मिळवलेल्या प्रतिपिंडांतली ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. गोवर मुलाची जुनी वहीच पुसून जातो म्हणा ना. आईला हे प्रतिपिंड वगैरे ठाऊक नव्हतं, पण बरोबर तेच ती म्हणत होती.

पुढे टिंबं चुकू लागली. वर्ष नेमकं सांगता येणार नाही. एकदम नाही झालं. एक पोर पडायचं, टिंबाची तारीख यायची आणि वर्ग भरलेला असायचा. आधी वाटलं आपलाच हिशेब गडबडतोय. मग पेन्सिल सुटली. माझ्या पहिल्या वर्गात पोलिओचे कॅलिपर घालून येणारी दोन मुलं होती. पायरीवरच्या त्या खट्-खट् आवाजावरून कोण आलं ते कळायचं. शेवटच्या वर्गात तसं एकही नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात आता लग्न, सहल, ‘घड्याळ बंद पडले’ अशी कारणं. निवृत्तीच्या वर्षी एका तरुण सहशिक्षिकेनं विचारलं, “बाई, गोवराचं पुरळ दिसतं तरी कसं?” तिला दाखवायला शाळेत एकही मूल नव्हतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. त्यात काळजी करण्यासारखंही काही आहे हे तेव्हा सुचलं नाही.

ते सुचलं दोन-तीन वर्षांपूर्वी, लेकीच्या फोननं. नात नऊ महिन्यांची झाली होती, गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. लेक म्हणाली, “आई, मी जरा थांबतेय.” तिच्या मोबाइलवर काय काय आलं होतं. लशीनं मुलं बोलायची थांबतात, एवढ्याशा जिवाला इतक्या सुया, नैसर्गिक आजार होऊन गेलेला बरा. आणि मग म्हणाली, “तूच तर सांगायचीस ना, गोवरात काही होत नाही म्हणून? तुम्ही तिघं आठ दिवसांत उठून खेळायला गेलात.”

मी काय केलं असेल? वर्गात ओरडायचे तशी ओरडले. एवढी शिकलीस ती याच्यासाठी का, इथपर्यंत गेले. तिनं फोन ठेवला. तीन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी फोन केला आणि चौथीबद्दल सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग तिनं विचारलं, “नाव काय होतं तिचं?” मी नाव सांगितलं. ते शेवटचं कधी उच्चारलं होतं मला आठवेना. “इतक्या वर्षांत तू मला हे सांगितलं नाहीस,” ती म्हणाली. लशीपेक्षा तिला त्याचंच जास्त लागलं होतं.

यानंतर तिनं तडक जाऊन लस टोचून आणली, असं लिहिता आलं असतं तर पत्र इथेच संपलं असतं. तसं झालं नाही. तिचं म्हणणं, “तुझ्याकडे एक गोष्ट आहे, माझ्याकडे दहा आहेत. मैत्रिणीच्या मुलाला लशीनंतर तापात झटका आला, ते काय खोटं?” खोटं नव्हतं. गोष्टीनं गोष्ट खोडता येत नाही, हे शिक्षकाला तरी कळायला हवं होतं. तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं (मला ते अवघड जातं) आणि तिच्याबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे गेले.

त्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली जी मी केली नव्हती. “काही होत नाही” असं ते एकदाही म्हणाले नाहीत. काय होतं तेच त्यांनी सांगितलं. लशीनंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसात काही मुलांना ताप येतो, कुणाला पुसट पुरळ दिसतं. तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापात झटका येऊ शकतो. घाबरवणारा असतो, पण सहसा मागे काही ठेवून जात नाही. खऱ्या गोवरात मात्र झटके येण्याचं प्रमाण याहून कितीतरी जास्त असतं, आणि हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. मुलं बोलायची थांबतात ही हाकाटी सुरू झाली ती १९९८ सालच्या, अवघ्या १२ मुलांवरच्या एका निबंधातून. २०१० मध्ये नियतकालिकानं तो मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले, काही संबंध सापडला नाही. “मग रुबेला कशाला? तो तर किरकोळ,” लेकीनं विचारलं. ते म्हणाले, तो तुमच्या मुलीसाठी किरकोळच आहे. १९४१ साली नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञांकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता. लस टोचायची नातीला. ती राखणार तिच्या पोटच्या बाळाला. हे ऐकून माझी लेक पहिल्यांदा जरा सैल झाली.

घरी येऊन ती स्वतः वाचू लागली आणि मला वाचून दाखवू लागली. त्यातलं सामोआचं प्रकरण मला अजून सोडत नाही. पॅसिफिकमधला हा छोटा देश. २०१८ साली तिथे गोवराच्या लशीनंतर दोन बाळं काही मिनिटांत दगावली. लशीची पूड पाण्यात कालवण्याऐवजी परिचारिकांनी भुलीच्या वेळी वापरायचं, मुदत संपलेलं औषध त्यात घातलं होतं. लस निर्दोष होती, हात चुकला होता. पण लसीकरण कित्येक महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ मध्ये गोवर शिरला तेव्हा ८३ जण गेले, बहुतेक सगळी पाच वर्षांखालची मुलं. वाचून झाल्यावर लेकीनं मला विचारलं, “त्या आयांचं काय चुकलं, सांग. त्यांच्या शेजारची बाळं खरंच गेली होती.” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

जपानचंही असंच. १९७४-७५ च्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याच्या लशीनंतर दोन मुलं दगावली, लस थांबवली, लोकांनी नाकारली. १९७९ साली १३,००० मुलांना डांग्या खोकला झाला आणि ४१ गेली. पण तिथे हेही झालं की त्या भीतीला कुणी हसलं नाही. कमी त्रासाची लस शोधून काढली तीही जपाननंच, १९८१ मध्ये. या दोन हकिकती मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या वयाची मंडळी तरुण आयांना घालूनपाडून बोलतात ते मला आता ऐकवत नाही. माझी आई माझ्या लेकीपेक्षा शहाणी नव्हती. तिनं घटसर्पात गेलेला भाऊ पाहिला होता. लेकीनं आपलं बाळ किंचाळताना पाहिलं ते फक्त सुईनं. ज्याला जे दिसलं त्याला तो भिणार. सोमालियातला अली माओ मालिन, देवीचा जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण, १९७७ साली इस्पितळातच स्वयंपाकी होता, तरी सुई दुखेल म्हणून त्यानं टोचून घेणं टाळलं होतं. तो वाचला. पुढे पोलिओच्या मोहिमेत दारोदार हिंडून तो लोकांना आपली हीच फजिती सांगायचा. २०१३ साली ते काम चालू असतानाच मलेरियानं गेला. मला हा माणूस फार आवडतो. त्यानं त्याच्या गोष्टीतलं काही वगळलं नाही.

म्हणून सगळंच ज्याच्या त्याच्या मनावर सोडावं असं मात्र मी म्हणणार नाही. एक गोवरी मूल, लस न घेतलेल्यांच्या घोळक्यात, १२ ते १८ जणांना आजार देतं. शंभरातली ९५ मुलं राखलेली असली तरच तो थोपतो. उरलेल्यांत कोण असतात? नऊ महिन्यांखालची तान्ही, ज्यांना लस द्यायची वेळच आलेली नसते, आणि कर्करोगाच्या उपचारांवरची मुलं, ज्यांना ती देता येत नाही. “जरा थांबतेय” म्हणणारी आई आपल्या बाळापुरतं थांबत नसते, हे मी लेकीला शेवटी सांगितलं. या खेपेला न ओरडता.

गालगुंडाच्या लशीचा किस्सा तिलाच सापडला, आणि तो वाचून दाखवताना ती हसली म्हणून लिहिते. १९६३ साली अमेरिकेत जेरिल लिन या पाच वर्षांच्या मुलीचा गाल सुजला. बाप मॉरिस हिलमन लशींवर काम करणारा. मध्यरात्री गाडी घेऊन प्रयोगशाळेतून सामान आणलं, मुलीच्या घशातून नमुना घेतला, तिला परत झोपवलं आणि नमुना गोठवून ठेवला. त्यातून बनलेली लस पहिल्यांदा घेणाऱ्यांत जेरिलची धाकटी बहीण होती. लेक म्हणाली, “बघ, आजारी पोरीलासुद्धा कामाला लावलं!”

नातीला लस दिली ती अकराव्या महिन्यात. आठव्या रात्री ताप चढला, छातीवर फिकट ठिपके दिसले. दोन वाजता फोन, “आई, ये.” मी गेले. खोलीत दिवा लख्ख लावलेला, पोर किरकिरत होती. मी काही न बोलता उठले आणि खिडकीचा पडदा ओढू लागले, फटींत काय कोंबता येईल ते शोधू लागले. लेकीनं विचारलं, “हे काय करतेस?” काय करत होते ते मलाही क्षणभर कळलं नाही. बाहेर तर रात्रच होती. मग पडदा सोडून पोरीला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला.

पत्र लांबलं. आता विनंती. आपण आठवणींची सदरं चालवता, त्यांत माझ्या वयाच्या लोकांकडून लहानपणच्या आजारांवर मुद्दाम लिहून घ्यावं. पाय ओळखण्याचा खेळही लिहावा, बिछान्यातली सुटीही लिहावी, पण त्या खोलीत किती जण शिरले आणि किती बाहेर आले ते आकड्यानं लिहायला लावावं, आणि आठवत असेल तर नावानं. ज्यांनी ते मागचं पत्र लिहिलं त्या वाचकांनाही माझं एवढंच विचारणं आहे. त्यांच्यावर माझा राग नाही.

माझ्या बहिणीचं नाव आता नातीलाही ठाऊक होईल, लेकीनं तशी जबाबदारी घेतली आहे. आजीच्या त्या तिघांची नावं मात्र मला माहीत नाहीत. “सात झाली, चार राहिली” एवढंच ती म्हणायची, आणि पुढचं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका